फ्लेक्सवरचं कॉलेज

अनुपमाच्या तोंडून ते नाव निघालं तेव्हा लिफ्ट दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी होती. चौथ्यावर शालिनीताई आत आल्या होत्या, मराठी मंडळाची फाइल काखेत, हातातल्या पेनाचं टोपण दातांत. टोपण काढून त्यांनी विचारलं होतं, "काय गं, ईशानीचं कुठे ठरलं शेवटी? गुणगौरवाची यादी करतेय, तुमचंच तेवढं राहिलंय." विचारण्यात काही वाकडं नव्हतं. अनुपमाला उत्तर ठाऊक होतं, ते जिभेवर आलंही होतं, एल्मस्टेड, साधे चार-पाच आवाज. पण त्या नावाच्या मागे रांग लावून उभे असलेले प्रश्नही तिला त्याच क्षणी दिसले. हे कुठलं? कधी ऐकलं नाही. कुठेशी आलं? आणि मग जे बाहेर पडलं ते दुसरंच नाव होतं. ते मोठं नाव, दुबईतल्या करामाच्या दुकानांत टी-शर्टांवर छापून टांगलेलं असतं ते, जे छातीवर मिरवणाऱ्या दहांपैकी दहा जणांनी ती युनिव्हर्सिटी लांबूनसुद्धा पाहिलेली नसते. "अय्या! खरंच? अगं, मग इतके दिवस बोलली नाहीस!" शालिनीताईंनी फाइलसकट तिला मिठी मारली. दार उघडलं. त्या तुरुतुरु पार्किंगकडे गेल्या आणि अनुपमा लॉबीबाहेर पडली तेव्हा ऑगस्टच्या दमट हवेनं तिचा चष्मा एकदम पांढरा झाला. काही दिसेना. अल मनखूलच्या त्या फुटपाथवर ती तशीच उभी राहिली, चष्मा न पुसता, जणू समोरचं काही दिसू नये हेच आत्ता बरं. श्रावणी सोमवार होता. ती बेल आणायला निघाली होती. घरी पोचल्यावर पिशवीतून कोथिंबीर निघाली.

तसं बघितलं तर ते अगदी खोटंही नव्हतं, असं तिनं कोथिंबीर निवडताना स्वतःला सांगून पाहिलं. मार्चमध्ये लेकीला अमेरिकेतल्या दोन्ही ठिकाणांहून होकार आले होते. मोठ्या नावाचा होकार आला तेव्हा संगणकाच्या पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले होते आणि तिचा नवरा सुरेश ऑफिसातून, तिकडे सिलिकॉन ओएसिसमधून, व्हिडिओ कॉलवर एवढ्या मोठ्यानं ओरडला होता की त्याच्या मागून दोन मल्याळी चेहरे डोकावले होते. एल्मस्टेडचं पत्र चार दिवसांनी आलं, साधं, आणि त्याच्या नंतर काही आठवड्यांनी पोस्टानं एक लिफाफा, त्यावर शाईनं लिहिलेला पत्ता. ईशानी तो घेऊन खोलीत गेली आणि तासाभरानं बाहेर आली ती म्हणाली, "आय ॲम गोइंग हिअर." एवढंच. अनुपमानं विचारलं, "ह्याचं रँकिंग काय गं?" सुरेशनं विचारलं, "किती मुलं आहेत तिथे?" चौदाशे, असं कळल्यावर तो हसला. "चौदाशे? आमच्या टॉवरखाली दुपारी बिर्याणीला याहून मोठी रांग असते." पण सुरेश हसून मोकळा होणारा माणूस. आठ दिवस कुरकुरला, सीव्हीची पहिली चाळणी नावावरच लागते म्हणाला, फीचा मोठा भाग कॉलेजच उचलतंय हे वाचल्यावर गप्प झाला, आणि एका संध्याकाळी दात घासता घासता म्हणाला, "अनु, पोरगी गाणं म्हणत भांडी घासतेय. कधी घासली होती का हिनं भांडी? जाऊ दे तिकडेच." त्याचं मिटलं. तिचं तोंडानं मिटलं होतं. "तुझं तू ठरव," असं ती म्हणाली होती, हळू आवाजात, ती सगळंच हळू आवाजात म्हणायची. आणि मग मे, जून, जुलै, तीन महिने जो विचारेल त्याला ती सांगत राहिली होती, "अजून ठरतंय." पाण्याच्या बाटल्या आणून देणाऱ्यालासुद्धा.

एकदा, जूनमध्ये, तिनं एका जणीला सांगून पाहिलं होतं. ईशानीच्या वर्गातल्या पर्णिकाची आई, रंजिता, शाळेच्या बाहेर भेटली. लिबरल आर्ट्स कॉलेज, असं अनुपमानं म्हटलं मात्र, रंजिताचा चेहरा एकदम सांत्वनाला आल्यासारखा झाला. "आर्ट्सला घातलीत? अहो, मार्क तर चांगले होते ना तिचे? काही प्रॉब्लेम झाला का?" आर्ट्स या शब्दाचा जो अर्थ त्या दोघींच्याही लहानपणी पक्का झाला होता, सायन्सला नाही मिळालं म्हणून कॉमर्स, कॉमर्सलाही नाही मिळालं म्हणून आर्ट्स, तो अर्थ तीस वर्षं आणि एक समुद्र ओलांडून तिथे शाळेच्या गेटाशी उन्हात येऊन उभा राहिला. अनुपमानं समजावायला सुरुवात केली, की तसं नाही, तिथे सगळंच शिकवतात, ईशानी गणित घेणार आहे आणि बरोबर मातीकाम. "मातीकाम?" रंजिता म्हणाली. "म्हणजे कुंभारकाम? अमेरिकेत जाऊन?" आणि मग सावरून, अगदी मायेनं, "असू दे हो. पुढे मास्टर्सला चांगल्या ठिकाणी मिळेल, इन्शाल्ला." त्या 'चांगल्या ठिकाणी'चा व्रण राहिला. लिफ्टमध्ये जे घडलं त्याची सुरुवात बहुधा तिथे होती. किंवा त्याहून फार आधी होती.

फार आधी म्हणजे अनुपमा सतरा वर्षांची होती तेव्हा. साताऱ्याहून पुण्याच्या त्या मोठ्या दगडी कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता, आणि वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते. मावसबहीण मंजुषा वाईलाच राहिली, तिथल्या लहानशा कॉलेजात, वनस्पतिशास्त्राला, वर्गात मुलं सहा. सगळ्यांना मंजुषाचं वाईट वाटलं होतं. अनुपमाच्या वर्गात एकशेवीस. तिचा रोल नंबर एकशेचौदा. तीन वर्षांत तिथल्या कुणाही सरांनी, बाईंनी तिला नावानं हाक मारली नव्हती, आणि हे तिला तेव्हा मुळीच खुपलं नव्हतं, कारण त्या कॉलेजचं नाव ती सांगायची तेव्हा ऐकणारा माणूस अर्धा इंच सरळ बसायचा. लग्नाच्या पत्रिकेबरोबर जो कागद फिरला त्यावरही ते नाव होतं. सुरेशच्या आईनं आधी तेच वाचलं होतं. त्या नावानं तिला पुष्कळ दिलं, हे ती कधी नाकारणार नव्हती. फक्त एक गोष्ट मनात कुठेतरी कपाटाच्या मागे पडल्यासारखी राहिली होती आणि ती आत्ता, कोथिंबिरीच्या काड्या बाजूला काढताना, अचानक हाताला लागली. दिवाळीच्या सुट्टीत ती वाईला गेली होती. मंजुषाबरोबर मंडईत. मेथीची जुडी तिच्या हातात, आणि समोरून मंजुषाचे सर आले, धोतरासारखा ढगळ पायजमा, सायकल हातात. त्यांनी नमस्कार-बिमस्कार काही न करता एकदम म्हटलं, "हे बघ, तू काल म्हणालीस ते मी रात्रभर विचार केला, मला नाही पटलं." आणि मंजुषा, सतरा वर्षांची मंजुषा, तिथे कांद्यांच्या ढिगापाशी उभी राहून सरांशी वाद घालायला लागली. पानांच्या शिरांवरून काहीतरी. भाजीवाली म्हणत होती, घ्यायचं असलं तर घ्या नाहीतर पुढे व्हा. सर हसत होते. मंजुषाचे गाल लाल झाले होते. अनुपमा मेथी धरून उभी होती, आणि तिच्या छातीत काहीतरी आवळून आलं होतं, ज्याला तिनं तेव्हा ऊन म्हटलं होतं. नोव्हेंबरात कसलं ऊन!

मंगळवारी सकाळी ती नेहमीसारखी गोपद्मं काढायला बसली. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज तेहेतीस, गायीची खुरं, रांगोळीनं, देवापुढच्या काळ्या फरशीच्या तुकड्यावर, अकराच्या तीन ओळी. हा वसा तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षी घेतला आणि बाळंतपणाचे दिवस सोडले तर कधी चुकवला नव्हता. आज एकोणिसाव्याशी ती चुकली. परत मोजली, अठरा आली. परत मोजली, वीस. तिनं सगळं पुसलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. बाळकृष्ण समोर होता, अंगठ्याएवढा, पितळेचा, एका हातात लोणी. काल इथल्या इथे, याच्या नाकासमोरून जाऊन मी खोटं बोलले, असं तिनं त्याला मनातल्या मनात सांगितलं, आणि तो लोण्याकडे बघत राहिला. तिला वाटलं होतं तेवढं अपराधी वाटेना. उलट एक वेडाच विचार आला आणि तिला एकटीला हसू फुटलं. एवढासा देव. इतकी वर्षं तिनं त्याला न्हाऊ घातलं, कपडे शिवले, त्याच्याशी भांडली, आणि आजवर एकदाही कुणी दारात येऊन विचारलं नव्हतं की बाई, तुमचा देव एवढा लहान का. हातात मावतो म्हणून तर तो आपला. मोठ्या देवळात लांबून, माणसांच्या डोक्यांवरून दर्शन घेतो, ते घ्यावंच, पण सर्दी झाली की सांगतो ती याला. हसू ओसरलं तरी विचार बसून राहिला. मग तिनं पुन्हा रांगोळी घेतली आणि या वेळी न मोजता काढत गेली, आणि शेवटी मोजली तर तेहेतीसच होती.

हे सगळं मनात नीट बसतंय, आज शालिनीताईंना फोन करून सांगून टाकू, असं ती ठरवेठरवेपर्यंत बुधवार उजाडला आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लेक्सचं डिझाइन येऊन पडलं. दर वर्षी मंडळ परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचा गुणगौरव करतं आणि दर वर्षी हॉलच्या पडद्यावर बारा फुटी फ्लेक्स लागतो, कडेनं झेंडूची माळ, कोपऱ्यात गणपती. पहिल्या ओळीत, सगळ्यांच्या वर, सर्वांत मोठ्या गोलात ईशानीचा फोटो होता. इतर मुलांचे गोल तिच्या अर्ध्यानं. मंडळातल्या वसंतरावांच्या मुलाला, निनादला, तर अगदी कोपरा मिळाला होता, आणि डिझाइन वसंतरावांच्याच छपाईच्या कारखान्यात झालेलं. ईशानीच्या खाली ते नाव, त्याच्या शेजारी त्या युनिव्हर्सिटीची ढालीसारखी खूण. अंगठे, फुलं, हात जोडलेले, शंभर एक निशाण्या आल्या होत्या. रंजितानं लिहिलं होतं, "छुपी रुस्तम!!" अनुपमा ते बघत स्वयंपाकघरात उभी असताना ईशानी पाणी प्यायला आली, तिच्या खांद्यावरून वाकली, आणि पाणी न पिता तशीच उभी राहिली. कुणीतरी चुकून टाकलं असेल, असं ती म्हणेल, आणि मग हो म्हणता येईल, असं अनुपमाला एक क्षण वाटलं. ते वाटलं याची शरम पुढच्याच क्षणी वाटली.

"डिड यू टेल देम दॅट?"

अनुपमानं फोन पालथा करून ठेवला.

ईशानी अठरा वर्षं दुबईत वाढलेली. मराठी कळायचं सगळं, उत्तर यायचं इंग्रजीत. मराठी ती फक्त ताप आला की बोलायची. आता तिनं ग्लास ओट्यावर ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखं म्हणाली, "आई, तुला माझी लाज वाटते का?"

मग ती खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. अकरा दिवसांनी तिचं विमान होतं. अनुपमाला ते अकरा दिवस दिसले, बॅगा, वजनकाटा, लोणच्याच्या बरण्यांवर टेप गुंडाळणं, आणि त्या सगळ्यावरून, प्रत्येक बरणीच्या झाकणावर, तो प्रश्न बसलेला. त्याला उत्तर न मिळता ही पोरगी विमानात बसली तर तो तिच्याबरोबर आयोवातल्या त्या कॉलेजात जाईल, तिच्या खोलीत राहील, थंडीत तिच्या अंगावरच्या जाड कोटाच्या खिशात राहील. आणि उत्तर दाराआडून देऊन चालणार नव्हतं. "नाही गं, लाज कशी वाटेल," हे दाराआडून कुठलीही आई म्हणते. लोकांसमोर बोललेलं लोकांसमोरच सोडवावं लागणार. तिनं वसंतरावांना फोन लावला. फ्लेक्स शनिवारी छापायला घेणार होते. "फोनवर सांगा ना वहिनी, काय बदल आहे तो." "नाही भाऊजी, मी कारखान्यावर येते," ती म्हणाली. "उम्म अल कुवैनला? इतक्या लांब, एवढ्यासाठी?" "एवढ्यासाठीच."

शनिवारी सुरेशला ऑफिसात तातडीचं काम निघालं, म्हणजे गाडी ईशानी चालवणार. दोन महिन्यांपूर्वी लायसन्स मिळालेली ईशानी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, चौथ्या लेनमधून, ट्रकांच्या मागे. एकमेकींशी तीन दिवस त्या फक्त मीठ दे, टॉवेल कुठेय एवढंच बोलल्या होत्या. शारजा मागे पडलं, दोन्ही बाजूंना मळक्या रंगाची वाळू आणि विजेचे खांब सुरू झाले. अनुपमानं ठरवून काही वाक्यं तयार केली होती. त्यांतलं एकही निघालं नाही. निघालं ते असं, "त्या लिफाफ्यात काय होतं गं? पोस्टानं आलेल्या?"

"व्हॉट लिफाफा?"

"मार्च-एप्रिलमधला. शाईनं पत्ता होता. तू तासभर दार लावून बसली होतीस."

ईशानीनं आरशात बघितलं, इंडिकेटर लावला, लेन बदलायचा विचार सोडला. मग म्हणाली, ते गणिताच्या प्रोफेसरबाईंचं पत्र होतं. हातानं लिहिलेलं. तिचा अर्जाबरोबरचा निबंध त्यांनी वाचला होता. "कशावर होता निबंध?" अनुपमानं विचारलं, आणि विचारतानाच तिच्या ध्यानात आलं की निबंध कशावर आहे हे तिनं आजपर्यंत विचारलंच नव्हतं. किती शब्दांचा, कधी द्यायचा, कुणाकडून तपासून घेतला, सगळं विचारलं होतं.

"तुझ्यावर," ईशानी म्हणाली. "म्हणजे, गोपद्मांवर." आणि मग पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांकडे बघत, इंग्रजीत लिहिलेलं ती अडखळत मराठीत सांगत गेली. "माझी आई सातव्या मजल्यावर राहते. ती रोज सकाळी एका गायीसाठी तेहेतीस पावलं काढते. गाय अजून आलेली नाही. आई थांबलेली नाही." पुढे मग गणित होतं, तेहेतीस मांडायच्या किती रीती, अकराच्या तीन ओळी केल्या तर मधोमध नेमकं एक पाऊल येतं, आणि रोज पुसून रोज नव्यानं केलेली गोष्ट तीच असते की दुसरी, असं काहीतरी, ते नीट मराठीत येईना. "ॲन्ड शी रोट बॅक, आई. त्यांनी एक आठवडा प्रयत्न केला. रोज सकाळी, खडूनं, ऑफिसच्या फरशीवर. चौथ्या दिवशी विसरल्या. त्यांनी विचारलंय की तुझी आई कशी विसरत नाही, आस्क हर, प्लीज."

अनुपमा खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर काही नव्हतं, वाळूच होती, पण तिला तिथे एक खोली दिसत होती, परक्या गावातली, बाहेर मक्याची शेतं, आणि एक अनोळखी बाई गुडघे टेकून, खडूनं, गायीची खुरं काढतेय. तिच्यासाठी. तिची. रोल नंबर एकशेचौदा. तीन वर्षं ज्या बाकावर ती बसली तिथून पुढचा फळा नीट दिसायचाही नाही, आणि इथे एवढ्या लांबून कुणीतरी वाकून बघत होतं की ती सकाळी देवापुढे काय करते. मंडईतल्या कांद्यांपाशी छातीत आवळलेलं ते काहीतरी इतक्या वर्षांनी सुटलं. त्याचं नाव तिला कळलं तेव्हा त्याची धार गेली होती. तिला हसायला यायला लागलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग तोंडावर ओढणी.

"व्हॉट? आई! आर यू क्रायिंग?"

"नाही गं. ऑफिसच्या फरशीवर! अगं, झाडूवाली काय म्हणाली असेल?"

ईशानीही हसली, मग दोघी हसत राहिल्या, आणि त्या नादात उम्म अल कुवैनचं वळण मागे गेलं. पुढच्या चौकापर्यंत जाऊन, यू टर्न घेऊन परत यावं लागलं.

"मला का नाही सांगितलंस?" अनुपमानं डोळे पुसत विचारलं.

"यू आस्क्ड मी द रँकिंग," ईशानी म्हणाली. रागानं नाही. जे झालं ते झालं तसं.

वसंतरावांची शेड औद्योगिक भागाच्या टोकाला होती. आत शिरल्यावर शाईचा उग्र वास, एसीचा घुमणारा आवाज आणि पांढऱ्या कापडाचे भलेमोठे गुंडाळे. वसंतराव मूळ कराडचे, तीस वर्षांपूर्वी पाट्या रंगवायला आलेले, आता बारा माणसं कामाला. "या वहिनी, या! आणि ही आमची स्टार! नूरुद्दीन, चाय बोल दो तीन!" मशीनपाशी बसलेल्या नूरुद्दीननं हात वर केला. फ्लेक्स आधीच छापून झाला होता. वसंतरावांना हौस, त्यांनी सकाळीच काढून ठेवला होता. तो भिंतीवर वाळत होता, बारा फूट, आणि ईशानीचा चेहरा परातीएवढा, आणि खाली ते नाव, वीतभर उंचीच्या अक्षरांत.

"भाऊजी," अनुपमा म्हणाली, "ते नाव चुकीचं आहे."

"स्पेलिंग? अरे नूरुद्दीन..."

"स्पेलिंग नाही. मी चुकीचं सांगितलं. ईशानी तिकडे जात नाहीये. मी शालिनीताईंना खोटं सांगितलं."

वसंतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग ईशानीकडे, मग फ्लेक्सकडे, आणि एकदम, अगदी सुटका झाल्यासारखे हसले. "म्हणजे आमच्या निनादचा गोल आता मोठा करता येईल का?" मग तिचा चेहरा बघून, "गंमत हो, गंमत. खलास, दुसरा काढू. कापड काय, ढीगभर पडलंय. नाव सांगा."

तिनं नाव सांगितलं. वसंतरावांनी ते दोनदा ओठांत घोळवलं. नूरुद्दीननं पडद्यावर टाइप केलं. ईशानीनं फोनवरून कॉलेजची खूण दाखवली, एक झाड आणि त्याखाली दिवा. नवं नाव आधीच्याच्या जागी बसवलं तर बाजूला बरीच जागा उरली. "रिकामं वाटतंय," वसंतराव म्हणाले. "खाली टाकू का, 'जगप्रसिद्ध'?"

"नको. नाहीये ते."

"'नामांकित' तरी?"

"तेही नको, भाऊजी."

"मग लोक विचारणार हो वहिनी, हे कुठलं कॉलेज. मीसुद्धा विचारतोय." त्यांनी खिशातून फोन काढला. "आणि शालिनीताईंना विचारल्याशिवाय मला अक्षर हलवता येत नाही. गेल्या वर्षी अध्यक्षांची पदवी राहिली होती, केवढं रामायण झालं. लावतो त्यांना." त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला आणि चहाच्या कपाशेजारी टेबलावर ठेवला. अनुपमाला लिफ्ट आठवली नाही. तिनं फक्त एकदा ईशानीकडे बघितलं. ईशानी फ्लेक्सच्या गुंडाळ्यावर बसून नखं कुरतडत होती आणि तिच्याकडे बघत नव्हती, म्हणजे कानांनी सगळी तिच्याकडेच होती.

"शालिनीताई, मी अनुपमा. ईशानी त्या युनिव्हर्सिटीत जात नाहीये. तिथे मिळालं होतं, पण तिनं एल्मस्टेड कॉलेज घेतलंय. मी तुमच्याशी लिफ्टमध्ये खोटं बोलले. माझी चूक झाली."

पलीकडून कुकरचा आवाज आला. मग, "अगं... काय झालं? म्हणजे, व्हिसाचं काही? एल्म... काय? ते काय कम्युनिटी कॉलेज का काय म्हणतात तसलं आहे का?"

"नाही. लहान कॉलेज आहे. चौदाशे मुलं."

"चौदाशेच? आणि तिथलं मिळालेलं सोडून? अगं अनुपमा, लोक तिथल्या नावासाठी जीव टाकतात आणि तुम्ही..."

"हो ना," अनुपमा म्हणाली. "मीसुद्धा टाकला असता. टाकलाच होता, म्हणून तर खोटं बोलले." आणि तिला वाटलं होतं की इथे संपेल, इथून पुढे माफी आणि बरं ठेवते. पण तिचा आवाज थांबेना. तो नेहमीचाच हळू आवाज होता, फक्त त्याला आज पुढे जायची वाट सापडली होती. तिथे एका वर्गात बारा-चौदा मुलं असतात, ती म्हणाली, आणि कुणी गैरहजर राहिलं तर बाई फोन करतात, बरं नाही का म्हणून. तिथे गणिताबरोबर मातीकाम घेता येतं आणि कुणी हसत नाही. नाव मोठं नाही शालिनीताई, खरंच नाही, आपल्याकडे कुणाला सांगितलं तर कुणी सरळ होऊन बसणार नाही. तिथून पुढे नोकरी कुठली मिळेल ते मला आज माहीत नाही, मोठ्या ठिकाणाहून सोपं गेलं असतं हेही खरं असेल. पण माझी मुलगी तिथे कोण आहे हे तिथल्या लोकांना माहीत आहे. ती अजून पोचलेलीसुद्धा नाही आणि माहीत आहे. मला पुण्यात तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं की तू कोण गं. आणि तिच्या आईला, म्हणजे मला, तिथल्या बाईंनी एक प्रश्न विचारलाय, मला, आणि मी अजून उत्तर पाठवलेलं नाही, आज पाठवणार आहे, तुम्ही ऐकता आहात ना?

"ऐकतेय, ऐकतेय," शालिनीताई म्हणाल्या. कुकरचा आवाज थांबला होता, बहुधा त्यांनी गॅस बंद केला होता. "कसला प्रश्न? आणि हे बघ, आमची मुग्धा दहावीत आहे, तिलाही ते एकाच वेळी दोन-दोन... तिला चित्रकला सोडवत नाही गं. फिजिक्सला बसवलंय, रोज रडते. तिथे कसं असतं ते जरा नीट सांग."

अनुपमानं खुर्ची ओढली आणि बसली. नूरुद्दीननं मशीन सुरू केलं. छपाईचं टोक इकडून तिकडे, तिकडून इकडे पळायला लागलं, आणि पांढऱ्या कापडावर झेंडूची माळ एकेक रेघ उतरायला लागली. वसंतराव बोटानं काहीतरी खूण करत होते, जागा तशीच मोकळी ठेवू का, अशी असावी. तिनं मान डोलावली आणि बोलत राहिली. तिच्या कपातल्या चहावर साय धरली. ईशानी उठून तिच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिची हनुवटी अनुपमाच्या डोक्यावर टेकली, लहानपणी टेकायची तशी, फक्त आता वरून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी ईशानीनं वाकून तिच्या कानाशी, हसू दाबत म्हटलं, "आई, यल्ला, चल ना. बस आता."

"थांब गं," अनुपमा फोनवर हात ठेवून म्हणाली, "आत्ता कुठे त्या ऐकायला लागल्यात."